फक्त एवढा एक रविवार

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी संध्याकाळी सरोवरावरून गारांचा पाऊस आडवा येत होता आणि रूडीच्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ड्राफ्टचा दिवस होता. कॉलेजात आमचा हातांनी खेळायचा फुटबॉल गाजवलेली पोरं त्या दिवशी मोठे संघ वाटून घेतात, आणि मागच्या मोसमात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड मिळते. त्यामुळे हा सण आमच्या शहराला जवळजवळ दरवर्षी हक्काने साजरा करता येतो. इतर गावांत जिंकल्यावर फटाके उडवतात, आम्ही हरण्याचं बक्षीस घ्यायला नवे कपडे घालून जमतो.

तो आत आला तेव्हा त्याच्या जॅकेटवरून पाणी गळत होतं. एकच स्टूल रिकामं होतं, टेसाच्या शेजारचं. त्यावर तिने तिची लोकरीची टोपी वाळत ठेवली होती.

"इथं कोणी बसलंय का?"

"माझी टोपी बसलीय," टेसा म्हणाली. "पण सभ्य आहे. उठेल."

तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची, उजव्या नाही. टेसाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवत टोपी उचलली. टेसा मिहालिक शाळेची पिवळी बस चालवते. पन्नास पोरांना एका आरोळीत गप्प करणारी बाई, पण त्या खळीपुढे तिला पटकन काही सुचेना.

तेवढ्यात टीव्हीवर नाव पुकारलं गेलं. जोना फॅरो. क्वार्टरबॅक! म्हणजे ज्याच्या हातात चेंडू आणि ज्याच्या डोक्यावर सगळ्या संघाचं नशीब, तो. बार अक्षरशः फुटला. टेसाचे वडील लू मिहालिक, वजन दोन माणसांचं, खुर्चीवर चढून रडायला लागले. आणि त्या गदारोळात टेसाच्या शेजारी कोणीतरी हळूच म्हणालं, "अरेरे..."

तिने मान वळवली. "काय म्हणालात?"

"कुठं काय?"

"'अरेरे' म्हणालात. मी ऐकलं."

"मी... तुमच्या टोपीला म्हणालो. खाली पडली ना."

"टोपी माझ्या हातात आहे."

तो सापडला. मग त्याने बिअरचा ग्लास दोन्ही हातांत धरला आणि खरं ते सांगून टाकलं. तो एमेट प्रूइट, आयोवाचा. पुलांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत होता. इथल्या नदीवरच्या जुन्या पुलांसाठी त्याला वर्षभर पाठवलं होतं. फॅरो त्याच्याच गावच्या कॉलेजात खेळलेला, त्याचा एकही सामना याने सोडला नव्हता.

"हात सोन्याचा आहे त्याचा," एमेट म्हणाला. "पण घाई फार. समोरून अंगावर माणसं आली की त्याची नजर आधी खाली जाते, मग चेंडू कुठंही. कॉलेजात खपून गेलं. इथं खाऊन टाकतील त्याला."

"बावीस वर्षांचा आहे तो! शिकेल की."

"काही पोरं शिकतात. काही नुसती सवयीची होतात."

"तुम्ही नेहमीच असे आनंदी असता, की आज विशेष?"

"आज विशेष. एरवी मी याहून वाईट असतो."

टेसाने टोपी डोक्यावर घातली, ओलीच. "घोडामैदान जवळच आहे. सप्टेंबरात बघू."

"सप्टेंबरापर्यंत थांबायचं?" तो म्हणाला. आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

थांबले नाहीतच ते. उन्हाळाभर भांडले. कधी रूडीकडे, कधी सरोवराच्या काठावर आइस्क्रीम खात, कधी बंद पडलेल्या बसच्या पायरीवर. तिने म्हणायचं, पोराला वेळ द्या. त्याने म्हणायचं, वेळ देऊन चेंडू सरळ जात नाही. जुलैत संघाचा सराव लोकांना बघायला खुला असतो, तिथंही गेले. पाऊस आला. छत्री एकच होती आणि ती तिच्याकडे होती. अर्धा तास दोघं मैदानाकडे बघत होते, पण नंतर रूडीने विचारलं की पोरगा कसा खेळला, तर दोघांनाही धड सांगता येईना.

"तू पुलाखाली दिवसभर करतोस काय?" तिने एकदा विचारलं.

"हातोडीने ठोकून बघतो. आवाजावरून कळतं कुठं पोखरलंय ते."

"मग मला ठोकून बघ."

"तू आपणहून एवढा आवाज करतेस," तो म्हणाला, "की ठोकायची गरजच पडत नाही."

तिने त्याला आइस्क्रीमचा चमचा फेकून मारला. नेम चुकला. "बघ," एमेट म्हणाला, "फॅरोसारखीच घाई." असं ते चाललं होतं. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या दिवसांत दोघांपैकी कोणीतरी नुसतं एक वाक्य बोलून टाकायला हवं होतं. पण गोड भांडण चालू असलं की माणसाला वाटतं, ते चालूच राहील.

सप्टेंबर उजाडला आणि टेसा त्याला लूंच्या टोळीत घेऊन गेली.

सामना रविवारी दुपारी असतो, पण आमची पूजा सकाळीच स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये मांडली जाते. लूंची जुनी व्हॅन संघाच्या रंगात रंगवलेली. शेगडीवर सॉसेज, कढईत कांद्याबरोबर परतलेल्या पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्याच, आणि सोवळं म्हणाल तर तुमच्या आजीला लाजवेल असं. जिंकलेल्या सामन्यात घातलेला स्वेटर लूंनी हरेपर्यंत धुवायचा नाही. ज्या जागी उभं असताना टचडाउन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, ती जागा सोडायची नाही. एका वर्षी टचडाउन झाला तेव्हा लू मोरीत होते. त्यांनी उरलेला सामना तिथंच काढला आणि बाहेरून लोकांनी त्यांना ओरडून सांगितला. हे आम्ही कोणी हसण्यावारी नेत नाही. बाहेरच्याला हसू येतं.

एमेटलाही आलं. पण त्याने ते पिरोगीबरोबर गिळलं. लूंना तो आवडला. "तोंडाचा कडू आहे," लू म्हणाले, "पण खातो चांगला."

पहिला सामना पोरगा हरला. दुसरा हरला. तिसऱ्यात त्याने चेंडू सरळ समोरच्या संघाच्या हातात दिला, जणू भेट आणली होती. चौथाही गेला. वर्तमानपत्रं म्हणाली, बाहेर बसवा त्याला. रेडिओवर लोक फोन करून शिव्या घालत होते. पण स्टेडियममध्ये आम्ही उभे राहून टाळ्या वाजवत होतो. "दम धर रे पोरा!" लू घसा फोडून ओरडत होते. "आम्ही कुठं जात नाही!"

पाचव्या रविवारी नदीवरचा एक पूल वाहतुकीला बंद करून मिळाला होता, म्हणून एमेटला कामावर जावं लागलं. आणि त्या दिवशी संघ जिंकला.

पुढच्या रविवारी तो आला. शेवटच्या क्षणी वाऱ्याने चेंडू फिरवला आणि हरलो.

आम्ही व्हॅनपाशी परत आलो. शेगडी विझलेली होती. लूंनी स्वेटर काढून पिशवीत टाकला, एमेटकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "राग मानू नकोस बेटा. पण तू पांढऱ्या पायाचा आहेस."

सगळे हसले. एमेटही हसला. "बूट बदलून येऊ का?"

"गंमत नाही करत मी. पुढचा रविवार तू लांब राहा. टीव्ही नको, रेडिओ नको. बघू तरी."

एमेट टेसाकडे वळला. तो अजून हसतच होता, पण हसू जरा थांबलेलं होतं, दारात कोणी आत बोलावण्याची वाट बघत थांबतं तसं. त्याला फार काही नको होतं. ती नुसती "काहीतरीच काय बाबा, तो माझ्या शेजारी उभा राहणार" म्हणाली असती तर विषय तिथंच मिटला असता.

"फक्त एवढा एक रविवार," टेसा म्हणाली. त्याच्या बाहीवरचा राखेचा कण तिने बोटाने झटकला. "माझ्यासाठी... हं?"

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "ठीक आहे."

संघ जिंकला. नुसता जिंकला नाही, धुऊन काढलं. मग एक रविवार कसला, पुढचाही त्याला लांब राहावं लागलं. आणि त्याच्या पुढचाही. जोना फॅरो एकाएकी मोठा झाला. अंगावर माणसं धावून आली तरी मान वर, नजर लांब, आणि हातातून चेंडू असा सुटायचा की बघणाऱ्याने श्वास विसरावा. शहर वेडं झालं. पाळण्यातल्या पोरांनाही त्याच्या नावाची टोपडी चढली.

एमेट रविवारी दुपारी सरोवराच्या काठाने एकटा फिरायचा. रस्ते ओस पडलेले असायचे. मध्येच सगळ्या घरांतून एकदम आरोळी उठायची आणि तो कानात बोटं घालायचा, उगाच नियम मोडायला नको म्हणून. सोमवारी संध्याकाळी टेसा डबाभर पिरोगी घेऊन त्याच्या खोलीवर जायची आणि अख्खा सामना करून दाखवायची. उशी म्हणजे चेंडू, दिवा म्हणजे शत्रूचा बचाव. तो पलंगाच्या कडेला बसून बघायचा.

"तू यात फॅरोपेक्षा चांगली दिसतेस," तो म्हणायचा.

"सामन्याकडे लक्ष दे."

"तिकडेच आहे."

एका सोमवारी ती उशी घेऊन कोचावर चढलेली असताना त्याने विचारलं, "टेसा, खरं सांग. तुला वाटतं का, माझ्यामुळे हरतात?"

"वेडा आहेस का? नाही रे..." ती खाली बसली. "पण उगाच विषाची परीक्षा कशाला घ्यायची? मोसम संपू दे. मग सगळे रविवार आपलेच की."

त्याने मान हलवली. उशी तिच्या हातातून घेतली, तिचा कोपरा नीट केला आणि परत दिली. तिला ते आवडलं. त्यातलं दुसरं काही तिला दिसलं नाही.

जानेवारीत बाद फेरीचा पहिला सामना आमच्या मैदानावर आला. लूंच्या तरुणपणानंतर प्रथमच! शुक्रवारी बस जमा करून टेसा डेपोबाहेर आली तेव्हा बर्फात एमेट उभा होता. टोपी नाही, केस बर्फाने पांढरे झालेले.

"काम संपलं माझं इथलं," तो म्हणाला. "ओरेगॉनमध्ये कायमची नोकरी देतायत. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"मग? काय कळवणार?"

"ते... माझ्या एकट्यावर नाही." त्याने खिशातून हात काढले, परत घातले. "टेसा, मला रविवारी तुझ्याबरोबर यायचंय. तुझ्या शेजारी उभं राहायचंय. हरलो तर हरलो. मग मी तुला काहीतरी सांगेन. जिंकलो तरी तेच सांगेन."

तो काय सांगणार हे तिला कळलं होतं. शाळेतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एप्रिलपासून ती त्याचीच तर वाट बघत होती. तिने तोंड उघडलं, आणि तिला बाबा दिसले. न धुतलेल्या स्वेटरमध्ये, गेले चार दिवस धड न झोपलेले, नातवंडासारखं त्या पोराचं नाव घेणारे. समजा हरलो तर? आयुष्यभर बाबा काही बोलणार नाहीत, नुसते बघतील.

"एमेट... फक्त एवढा एक रविवार," ती म्हणाली. "शेवटचा. सोमवारी मी येते ना तुझ्याकडे, लगेच, कामावरून सरळ. तेव्हा सांग. मीही सांगणार आहे तुला काहीतरी."

बर्फ दोघांच्या मध्ये पडत राहिला. तो तिच्याकडे बघत होता आणि रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, तिने भांडून घेतलं असतं.

"पोराबद्दल मी चुकलो," तो म्हणाला. "शिकला तो."

"मग, सांगत नव्हते मी?"

"सांगत होतीस." त्याने तिच्या भुवईवरचा बर्फ अंगठ्याने पुसला. "सोमवारी ये."

रविवारी जिंकलो. असे जिंकलो की परके लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, लूंनी बर्फात लोळण घेतली, आणि टेसाला दोघा-तिघांनी उचलून नाचवलं. सोमवारी ती धावतच त्याचा जिना चढली. गाल लाल, हातात डबा. आज सामना सांगायचा, आणि मग ते सांगायचं. रात्रभर तिने ते वाक्य घोकलं होतं.

खोलीत खोकी बांधलेली होती. तिला वाटलं, जायचं ठरलं नसेल अजून, नुसती तयारी असेल. माणूस आपल्याला हवं तेच बघतो.

"आधी सामना!" ती म्हणाली. उशी खोक्यात गेली होती म्हणून तिने त्याचा हातमोजा उचलला. "शेवटचं मिनिट. आपण मागे. फॅरोच्या अंगावर तिघं धावून आले. त्याने मान वर केली, डावीकडे बघितलं, आणि डावीकडेच असा काही फेकला..."

"उजवीकडे," एमेट म्हणाला.

"हं?"

"बघितलं डावीकडे. फेकला उजवीकडे. वारा सरोवरावरून येत होता म्हणून."

ती थांबली. हातमोजा तिच्या हातात तसाच. "रेडिओ ऐकलास?"

"नाही."

"मग?"

"मी तिथं होतो, टेसा. कंपनीने तिकीट दिलं होतं. अगदी वरची रांग."

तिला आधी काही कळेना. मग हळूहळू कळत गेलं, आणि जे कळलं ते एवढंच होतं: तो होता, आणि आपण जिंकलो. ती हसायला लागली. "म्हणजे तू... म्हणजे तुझा काही संबंधच नव्हता! एमेट! बाबांना सांगते मी, आता दर रविवारी तू..."

"वरून तुम्ही सगळे दिसत होता," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "तुझी टोपी दिसत होती. टचडाउन झाला तेव्हा सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मला शेजारच्या एका म्हाताऱ्याने मारली. त्याच्या अंगाला कांद्याचा वास येत होता. चांगला होता म्हातारा."

"मला सांगायचं ना... मी आले असते वर."

"तेच बघत होतो मी. सामना संपल्यावर बराच वेळ बसलो. म्हटलं, आज एवढी खूश आहे ती, आज तरी तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल. इकडेतिकडे बघेल एकदा." त्याने मान खाली घातली. "तू बघशील तरी कशाला, मी घरी आहे असंच माहीत होतं तुला. चूक तुझी नाही. पण घरी आलो आणि ओरेगॉनच्या कागदावर सही करून पाठवून दिला."

"काढून घे सही."

"शब्द दिलाय."

"एमेट, मला तू..." घोकलेलं वाक्य आता भलत्याच जागी आलं होतं. "मला तू आवडतोस. एप्रिलपासून. जिंकल्यावर सांगणार होते."

"आणि मी हरलो तरी सांगणार होतो," तो म्हणाला. त्याच्या डाव्या गालाला खळी पडली आणि लगेच गेली. "ते पोरगं लागोपाठ चार सामने हरलं, टेसा. अख्खं गाव उभं राहून म्हणत होतं, दम धर, आम्ही कुठं जात नाही. मीही म्हणत होतो, तुझ्या शेजारी उभा राहून. मला वाटलं होतं, तसं कोणीतरी एकदा मला म्हणेल."

तिने त्याचा हातमोजा त्याच्या हातात घातला, एकेक बोट नीट बसवत, आणि दुसरा शोधायला लागली. तो सापडेना. मग तिने कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं आणि तो तिच्या केसांवर हात ठेवून उभा राहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी अजूनही जिंकल्याचे हॉर्न वाजवत होतं.

मंगळवारी तो गेला.

पुढच्या रविवारी परगावच्या मैदानावर आम्ही हरलो आणि मोसम संपला. रूडीच्या बारमध्ये लू टीव्हीकडे बघत बसले होते. सवयीने ते इकडेतिकडे बघायला लागले, कोण जागेवरून उठलं, कोणी शर्ट बदलला. त्यांची नजर लेकीवर येऊन थांबली.

"त्या एमेटला उगाच..." ते म्हणाले आणि त्यांनी ग्लास बाजूला सारला.

टेसा कोट न घालताच बाहेर गेली. थंडीने बोटं वळत नव्हती, तरी नंबर लागला.

"हरलो," ती म्हणाली.

"पाहिलं मी. पोरगा ठीक आहे?"

"रडत होता. टीव्हीवर दाखवलं."

"होईल ठीक. मोठा होणार तो." तिने नाक ओढलं. "तू रडतेयस का?"

"हो."

"सामन्यासाठी?"

"सामना गेला खड्ड्यात," टेसा म्हणाली.

आमच्या शहरात हे वाक्य आजवर कोणी मोठ्याने उच्चारलेलं नाही. बारच्या दारात सिगारेट ओढणारे दोघं तिच्याकडे वळून बघायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

"हे त्या शुक्रवारी म्हणायला हवं होतंस," एमेट म्हणाला. हळूच, जराही न रागावता.

"हो," ती म्हणाली. "शुक्रवारी म्हणायला हवं होतं."

फोन कोणी ठेवला नाही. तिकडे पाऊस पडत होता, तो तिला ऐकू येत होता.